एका पोटरीची सूज: अर्जंट केअर की ईआर?

मुलीच्या बाळंतपणासाठी सांगलीहून न्यू जर्सीला आलेल्या एका आईचं हे प्रकरण आहे. मी याच राज्यातल्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात परिचारिका म्हणून काम करते. या आई माझ्या रुग्णालयात आल्या नव्हत्या. बऱ्या झाल्यावर कुटुंबाने सगळे कागद माझ्यापुढे ठेवले, काय काय घडलं ते सविस्तर सांगितलं आणि इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहायला संमती दिली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच ठेवले आहेत.

आपल्याकडून आई-वडील इथे आले आणि त्यांना काही झालं, की घरात दोन प्रश्न निघतात: दुखतंय किती, आणि खर्च किती येईल? मला दोन्ही प्रश्न कळतात. पण अर्जंट केअरला (वेळ न घेता, किरकोळ पण तातडीच्या दुखण्यासाठी जायचा दवाखाना) जायचं की ईआरला (रुग्णालयाचा इमर्जन्सी विभाग), याचं उत्तर या दोन्हींतून मिळत नाही. हे लिहिण्यामागे तेवढं एकच कारण आहे.

रुग्ण आणि प्रवास

वय ६६. उंची पाच फुटांच्या आत. रक्तदाबासाठी बरीच वर्षं अम्लोडिपिनची गोळी चालू. मधुमेह नाही, हृदयाचा त्रास नाही. दोन्ही पायांवर जुन्या फुगलेल्या शिरा, पण त्यांनी कधी त्रास दिला नव्हता. मुंबईहून नेवार्कचं थेट विमान, साधारण सोळा तासांचं. जागा मधली. शेजारच्या माणसाला सारखं उठवायचं कसं, या संकोचापायी त्या अख्ख्या प्रवासात एकदाच उठल्या, आणि उठावं लागू नये म्हणून पाणीही बेतानेच प्यायल्या. आपल्या कितीतरी आया असाच प्रवास करतात.

तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की पोटरीच्या खोल शिरांमधलं रक्त रेंगाळतं आणि त्याची गुठळी होऊ शकते. ती गुठळी सुटून वर सरकली, तर हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात जाऊन अडकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासानंतर हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसांत तो ६,००० मध्ये एकाच्या आसपासच राहतो, त्यामुळे विमानाला भ्यायचं कारण नाही. लठ्ठपणा, गर्भनिरोधक गोळ्या, रक्त गोठण्याचे आनुवंशिक दोष यांच्या जोडीला त्या अभ्यासात उंचीही आली होती: १९० सेंटिमीटरपेक्षा उंच आणि १६० पेक्षा बुटक्या लोकांना धोका जास्त. बुटक्या माणसाचे पाय खाली टेकत नाहीत आणि सीटची कड गुडघ्यामागे रुतत राहते. या आई त्या दुसऱ्या गटातल्या.

त्या रविवारी पोचल्या. सोमवार-मंगळवार जेट लॅगमध्ये आणि सामान लावण्यात गेले. बुधवारी रात्री डावी पोटरी ओढल्यासारखी दुखायला लागली. गुरुवारी त्यांनी तीळतेल कोमट करून पाय चांगला चोळून घेतला. प्रवासाचा शीण आहे, दोन दिवसांत जाईल, यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं. (पोटरीत गुठळीची शंका असेल तर चोळू नये. पण गुरुवारी ती शंका कुणाच्याच मनात नव्हती, आणि नुसत्या दुखऱ्या पायावर तेल लावणाऱ्याला मी दोष देणार नाही.)

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी डावी पोटरी सुजलेली दिसली. चपलेचा पट्टा लागेना. मुलीला आठवा महिना चालू होता, तिने स्वतः वाकून दोन्ही पाय शेजारी शेजारी पाहिले. डावा स्पष्ट जाड, थोडा गरम, दाबलं की दुखणारा.

पहिला संशय रक्तदाबाच्या गोळीवर गेला. मुलीने वाचलं होतं की अम्लोडिपिनमुळे पाय सुजतात. ते खरं आहे, पण ती सूज दोन्ही पायांना येते, घोट्यांपाशी असते आणि सहसा दुखत नाही. वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी एका शुक्रवारी अचानक एकच पोटरी सुजवणार नाही. हा मुद्दा पकडला तो सांगलीच्या घरच्या डॉक्टरांनी. मुलीने त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एका पायाला की दोन्ही?" एकाच म्हटल्यावर ते म्हणाले, "मग आज डॉप्लर करून घ्या. आजच."

सांगली-मिरजेत डॉप्लर, म्हणजे शिरांमधलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, सांगितल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. डॉक्टर चिठ्ठी देतात, माणूस संध्याकाळी सोनोग्राफी सेंटरवर जातो, पैसे भरतो आणि तासाभरात रिपोर्ट घेऊन परत येतो. मुलीने इथेही तेच करून पाहिलं. इमेजिंग सेंटरला फोन लावला. उत्तर आलं की इथल्या परवानाधारक डॉक्टरची ऑर्डर लागेल आणि पहिली वेळ सोमवारी दुपारची आहे. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी चालणार नव्हती. मुलीच्या स्वतःच्या डॉक्टरांकडे नवीन रुग्णाला तीन आठवड्यांनंतरची तारीख. म्हणजे काय करायचं ते कळलं होतं, पण ते करायला कुठे जायचं ते कळत नव्हतं.

त्यात विम्याची भीती. आईंचा प्रवासी विमा ५०,००० डॉलरचा, डीडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम) २५०. पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांबद्दल एक लांबलचक परिच्छेद होता. रक्तदाबाची गोळी सांगितली की सगळा दावा फेटाळतील, असं जावयांच्या ऑफिसमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. आणि आई स्वतः म्हणत होत्या, "एवढ्याशा सुजेसाठी डॉलर कशाला घालवायचे? सोमवारी बघू."

ते सोमवारपर्यंत थांबायचं ठरवून बसले.

हे प्रकरण मी ज्यांना ज्यांना सांगितलं, ते सगळे शनिवारच्या निर्णयावर (तो पुढे येतोच) बोट ठेवतात. माझ्या मते मोठी चूक शुक्रवारची होती, आणि ती चुकीच्या ठिकाणी गेल्याची नव्हती, कुठेच न गेल्याची होती. शुक्रवारी आईंना धाप नव्हती, छातीत दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, नाडी जलद वाटत नव्हती. एका पायाची सूज आणि पाच दिवसांपूर्वीचा लांबचा प्रवास, एवढंच होतं. अशा वेळी अर्जंट केअर हे अगदी योग्य ठिकाण आहे. तिथला डॉक्टर किंवा फिजिशियन असिस्टंट (रुग्ण तपासून औषध लिहून देऊ शकणारा, डॉक्टर नसलेला परवानाधारक) पाय तपासतो, दोन्ही पोटऱ्या टेपने मोजतो, नाडी आणि ऑक्सिजन बघतो आणि इथल्या परवान्यावर डॉप्लरची तातडीची ऑर्डर लिहितो. ज्या चिठ्ठीसाठी मुलगी फोनवर फोन करत होती, ती तिथे मिळाली असती. त्याच दिवशी डॉप्लरची वेळ मिळणारच नसेल तर तेच लोक सांगतात की आता ईआरला जा, आणि तसं लिहून देतात. अर्जंट केअरमध्ये सहसा डॉप्लर नसतं, सीटी स्कॅन नसतो, म्हणून ते अशा वेळी कुचकामी आहे असं अनेकांना वाटतं. पण त्यांचं निम्मं काम पुढचा रस्ता उघडून देण्याचं आहे. परक्या देशात, घरचा डॉक्टर नसताना, त्याचं मोल फार आहे.

शनिवार संध्याकाळ

शनिवारी आई तळघरातून धुतलेले कपडे घेऊन वर आल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. दम लागला होता. सांगलीच्या घरात तीन मजले चढणाऱ्या बाई तेरा पायऱ्यांत धापा टाकत होत्या. पाच मिनिटांत बरं वाटलं. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते.

जावयांनी हिशेब केला तो असा: अर्जंट केअर सात मिनिटांवर, रात्री आठपर्यंत उघडं, खर्च दीड-दोनशे डॉलर. ईआर वीस मिनिटांवर, शनिवारची रात्र, चार-पाच तास बसावं लागणार, खर्चाचा पत्ता नाही. वर घरात आठ महिन्यांची गरोदर बायको एकटी. शिवाय आई म्हणत होत्या की आता काही होत नाही. एवढं सगळं समोर असताना माणूस अर्जंट केअरकडेच वळतो, त्यात नवल नाही.

पण शुक्रवार आणि शनिवार यांच्यात एक गोष्ट बदलली होती. सुजलेल्या पायाच्या जोडीला धाप आली होती. पाय सुजलेला असताना नव्याने दम लागला, की गुठळी फुप्फुसात गेली असं धरूनच चालायचं, तसं नाही हे तपासणीत सिद्ध होईपर्यंत. आणि ते सिद्ध करायला शिरेत औषध सोडून छातीचा सीटी स्कॅन लागतो, ट्रोपोनिनसारख्या (हृदयाला इजा झाली का ते दाखवणाऱ्या) रक्ताच्या तपासण्या तासाभरात हातात याव्या लागतात, आणि मधेच रक्तदाब घसरला तर सांभाळायला माणसं लागतात. यातलं काहीच अर्जंट केअरमध्ये नसतं. शुक्रवारी योग्य असलेलं ठिकाण शनिवारी अपुरं झालं होतं.

घरात बसून ठरवायचं असेल तर मी माझ्या नातेवाइकांना एकच प्रश्न विचारायला सांगते: या लक्षणांमागे वाईटात वाईट, पण खरोखर शक्य असलेलं कारण कोणतं, आणि ते नाही हे आज रात्री कुठे सिद्ध होऊ शकतं? मुरगळलेल्या घोट्यात वाईटात वाईट म्हणजे हाड मोडलेलं असेल. एक्स-रे अर्जंट केअरमध्ये असतो, तिथे जा. लघवीची जळजळ, कानदुखी, घसा, टाके घालण्याजोगी जखम, ताप असूनही खात-पीत असलेलं मूल, हे सगळं तिथलंच. अचानक तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, शब्द न सापडणं, यात मात्र घड्याळ लावून काम करावं लागतं, कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथे अर्जंट केअरला जाऊन येण्यात तास घालवायचा नसतो. स्वतः गाडी चालवत न्यायचंही नसतं, ९११ हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा.

आणि छातीतलं दुखणं. अर्जंट केअरमध्ये ईसीजी निघतो म्हणून लोक तिकडे वळतात. पण पहिला ईसीजी स्वच्छ आला म्हणून हृदयविकाराचा झटका नाही असं होत नाही. ट्रोपोनिन पुन्हा पुन्हा मोजावं लागतं आणि त्यासाठी रुग्णालयच लागतं. बायकांमध्ये, वयस्कर माणसांत आणि मधुमेह असणाऱ्यांत तर छातीत दुखण्याऐवजी नुसती मळमळ, घाम, धाप किंवा गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच असू शकतं. आपल्या घरांत याला ‘ॲसिडिटी’ म्हणून सोडा पाजण्याची सवय आहे. ती सवय सुटावी असं मला मनापासून वाटतं.

काय घडलं

अर्जंट केअरमध्ये नाव नोंदवून आत जाईपर्यंत पाऊण तास गेला. आत गेल्यावर मात्र सगळं झटपट झालं. नाडी ११२. ऑक्सिजन ९३ टक्के. श्वास मिनिटाला २२. रक्तदाब १३८/८४, ताप नाही. डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरने जाड. ईसीजीत जलद नाडीखेरीज काही नाही. तिथल्या फिजिशियन असिस्टंटने रक्त काढत बसण्यात वेळ घालवला नाही. तिने ९११ लावलं, जवळच्या ईआरला फोन करून सगळे आकडे सांगितले आणि ईसीजीची प्रत पाकिटात घालून दिली. हे काम तिने उत्तम केलं, हे आवर्जून नोंदवते. जावई म्हणाले, मी माझ्या गाडीतून नेतो. ती ठामपणे नाही म्हणाली, कारण वाटेत आई कोसळल्या असत्या तर गाडी चालवणारा माणूस काय करणार होता?

ईआरमध्ये ट्रायाज होतं, म्हणजे कुणाला आधी घ्यायचं ते ठरवलं जातं. अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी १ ते ५ अशी श्रेणी असते: १ म्हणजे आत्ता या क्षणी जीव वाचवायचा आहे, ५ म्हणजे थांबायला हरकत नाही. बाहेर पाच तास बसलेली माणसं बसू शकतात म्हणून बसलेली असतात. आईंना दुसरी श्रेणी मिळाली आणि त्या सरळ आत गेल्या. ‘ईआरमध्ये तासन्‌तास बसवून ठेवतात’ या भीतीने गंभीर लक्षणं घेऊन दुसरीकडे जाणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

आता या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. जावई दुभाष्याचं काम करत होते. डॉक्टरांनी विचारलं, चक्कर आली होती का? जावयांनी विचारलं, "आई, चक्कर वगैरे आली होती का?" त्या म्हणाल्या, "छे, नाही हो." परिचारिकेने तरीही भिंतीवरच्या फोनवरून मराठी दुभाषी लावून दिली आणि जावयांना पाच मिनिटं बाहेर थांबायची विनंती केली. पलीकडे एक बाईचा आवाज मराठीत बोलायला लागला, आणि आईंनी सांगितलं की शनिवारी पहाटे न्हाणीघरात डोळ्यांपुढे अंधारी आली होती, भिंतीला धरून त्या खाली बसल्या होत्या, कपडे ओले झाले होते, आणि दार आतून बंद होतं म्हणून कुणाला कळलं नव्हतं. हे जावयांसमोर कसं सांगणार? आणि मुलीला सांगितलं असतं तर आठव्या महिन्यात तिने काळजी केली असती.

फुप्फुसातल्या गुठळीच्या शंकेत अंधारी येऊन खाली बसणं ही साधी गोष्ट नसते. मोठी गुठळी क्षणभर रक्तप्रवाह अडवून गेलेली असू शकते. त्या एका वाक्यानंतर हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे का हे बघायला इको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच मागवला गेला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या इथल्या रुग्णालयांना प्रशिक्षित दुभाषी मोफत द्यावा लागतो, असा कायदा आहे. फोनवर मराठी मिळते. घरातल्या माणसाला इंग्रजी उत्तम येत असलं तरी दुभाषी मागा, आणि सासू-जावई, सून-सासरे असे संबंध असतील तर हटकून मागा.

डॉक्टरांनी वेल्स गुणांकन (फुप्फुसात गुठळी असण्याची शक्यता गुणांत मोजायची पद्धत) मांडलं: पायावर गुठळीची लक्षणं म्हणून ३, नाडी १०० च्या वर म्हणून १.५, आणि याहून पटणारं दुसरं कारण नाही म्हणून ३. एकूण ७.५. चारच्या वर गेलं की डी-डायमर ही रक्ताची चाचणी करत बसत नाहीत, थेट सीटी करतात. (लांबच्या विमानप्रवासाला या गुणांकनात एकही गुण नाही. तरी प्रवास आवर्जून सांगायचा, कारण बाकीचं चित्र त्यातून उलगडतं.) संशय इतका पक्का होता की स्कॅनला नेण्याआधीच रक्त गोठू न देणारं इंजेक्शन दिलं.

स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनीच्या दोन फांद्यांत गुठळ्या दिसल्या. डाव्या पायाच्या डॉप्लरमध्ये गुडघ्यामागच्या शिरेत आणखी एक. इकोत उजव्या बाजूवर ताण नव्हता, ट्रोपोनिनही ठीक होतं. नाडी ११० च्या वर असल्यामुळे घरी पाठवण्याइतका धोका कमी धरता येत नव्हता, म्हणून दोन रात्री ठेवून घेतलं. नंतर अपिक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर घरी सोडलं: पहिले सात दिवस १० मिलिग्रॅम दोनदा, मग ५ मिलिग्रॅम दोनदा, किमान तीन महिने.

अर्जंट केअरमुळे सुमारे दीड तास गेला. या वेळी त्याची किंमत मोजावी लागली नाही. जिन्यात ज्या आकाराची गुठळी सरकली, त्याहून मोठी त्या दीड तासात सरकली असती तर मी हे प्रकरण वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं.

पैशाचं

जावयांची खर्चाची भीती खोटी नव्हती. इथलं बिल एक येत नाही, तुकड्यांनी येतं: रुग्णालयाचं, ईआरच्या डॉक्टरांच्या गटाचं, स्कॅन वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचं, ॲम्ब्युलन्सचं. न्यू जर्सीत अनेक गावांची ॲम्ब्युलन्स स्वयंसेवक चालवतात, तर पॅरामेडिक रुग्णालयाकडून वेगळ्या गाडीतून येतात आणि त्यांचं बिल वेगळं येऊ शकतं. १०८ ची मोफत गाडी माहीत असलेल्या आपल्या माणसांना हा धक्काच असतो.

पण काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार ईआरला प्रत्येक माणसाची तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते, विमा असो वा नसो, आणि पैशाच्या चौकशीसाठी तपासणी लांबवता येत नाही. रुग्णालयाशी न जोडलेल्या अर्जंट केअरला हा कायदा सहसा लागू नसतो, ते आधी पैसे मागू शकतात. २०२२ पासून लागू झालेला, अनपेक्षित बिलांपासून वाचवणारा कायदा इथल्या नेहमीच्या आरोग्य विम्यांसाठी आहे. प्रवासी विम्याला त्याचं संरक्षण मिळेल असं धरून चालू नका, आणि रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सला तर तो लागूच नाही. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. बिल आल्यावर तपशीलवार प्रत मागायची आणि त्या धोरणाचा अर्ज मागायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रक्तदाबाची गोळी लपवण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र मला राग आहे. रक्तदाबामुळे पायात गुठळी होत नाही, त्यामुळे त्या कारणाने दावा अडकायचं कारण नव्हतं, आणि तो अडकलाही नाही. गोळी लपवली असती तर डॉक्टरांसमोर अर्धवट माहिती आली असती आणि विमा कंपनीच्या हाती मात्र खरंच एक कारण गेलं असतं. या आईंच्या पॉलिसीत, बऱ्याच पॉलिसींत असते तशी, एक अट होती: ईआरला जाऊन दाखल न होता परतलात तर जास्तीचं डीडक्टिबल. त्या दाखल झाल्यामुळे ते लागलं नाही. दाखल झाल्याचं विमा कंपनीला ठरावीक तासांत कळवायचं असतं, ते मुलीने घरून फोन करून रविवारी सकाळीच उरकलं. त्या फोनमुळे पुढची निम्मी डोकेदुखी वाचली. आई-बाबा उतरले त्याच आठवड्यात पॉलिसीतलं हे पान वाचून ठेवा, आणि घराजवळचं अर्जंट केअर किती वाजता बंद होतं, सर्वांत जवळचं ईआर कोणतं, हे फ्रिजवर लिहून ठेवा. टेक्सससारख्या काही राज्यांत बाजारपेठेतल्या गाळ्यात स्वतंत्र ईआर असतात. दिसायला थेट अर्जंट केअर, बिल मात्र ईआरचं. पाटीवर ‘इमर्जन्सी’ हा शब्द आहे का ते बघून मगच आत जा, अर्थात बघण्याइतका वेळ असेल तरच.

पुढचे तीन महिने

घरी आल्यावर दोन्ही ठिकाणांचे नियम आईंसाठी बदलले, कारण आता रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. डोक्याला लागलं तर, खोक दिसो वा न दिसो, थेट ईआर. आत रक्तस्राव झाला तर तो बाहेरून कळत नाही आणि त्यासाठी डोक्याचा सीटी लागतो. काळी शौच, न थांबणारं नाकातलं रक्त, नवी धाप, हेही तिथेच. भारतातून आणलेल्या औषधांच्या पिशवीतली कॉम्बिफ्लाम मुलीने बाजूला काढून टाकली, कारण तिच्यात आयबुप्रोफेन असतं आणि अपिक्साबानबरोबर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुखलं तर नुसती पॅरासिटामॉल.

नातू आला तेव्हा आई घरातच होत्या, हिंडत-फिरत होत्या. बाळाला तेल लावणं आणि आंघोळ घालणं त्यांनीच केलं. परतीचा प्रवास औषधाचे महिने आणि डॉक्टरांची तपासणी पूर्ण झाल्यावरच ठरवला, कडेची सीट घेऊन.

मधल्या काळात एका रविवारी त्यांना लघवीला जळजळ व्हायला लागली. ताप नव्हता, पाठीत दुखत नव्हतं, लघवीत रक्त नव्हतं. मुलीने मला फोन केला, पण मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच सगळं मांडलं: वाईटात वाईट म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असेल, पण त्याच्या खुणा नाहीत, आणि बाकी जे लागेल ती लघवीची तपासणी अर्जंट केअरमध्ये होते. सोबत औषधांची यादी नेली आणि अपिक्साबान चालू असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगितलं. तिथल्या डॉक्टरने अपिक्साबानला बाधणार नाही असं अँटिबायोटिक दिलं. जेवणाच्या वेळेपर्यंत त्या घरी परतल्या होत्या.